मध्ये वास्वा होता तोवर

शेषरावांनी उभी हयात धाड ते बुलढाणा काळीपिवळी जीप चालवली. नऊ माणसांच्या जीपमध्ये ते अठरा बसवत. एकोणिसावा आला तर त्याला ‘जागा नाही’ असं तोंडावर सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते बाकीच्या अठरांना ‘सरका बे’ म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली फक्त एक बकरी आली, आणि चूक बकरीची होती, हे बकरीच्या मालकानंही चार लोकांत कबूल केलं होतं.

गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी जीप विकली आणि घरामागच्या तुकड्यात वांगी-मिरची लावून बसले. माणूस अबोल नव्हता. कुठल्याही विषयावर बोलायचे. फक्त जावयाचा विषय निघाला की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

मुलगी पुष्पांजली. तिनं आठ वर्षांपूर्वी बुलढाण्याला कोर्टात लग्न केलं. मुलाचं नाव प्रसेनजित. तिच्याच कॉलेजातला, शिकलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला, आणि दुसऱ्या समाजाचा. यातलं शेवटचं तेवढं शेषरावांनी ऐकलं. आरडाओरडा केला नाही. ‘माह्यासाठी इषय संपला’ म्हणाले आणि गाडी भरली होती म्हणून फेरीला निघून गेले. पुढं मुलीचा फोन यायचा, तिच्याशी ते बोलायचे. पाऊस, पऱ्हाटी, मिरचीवरचा रोग, सगळं बोलायचे. जावई तिच्या आसपास असला तर ते त्यांना इकडे धाडात बसून कळायचं. मग ‘धर, तुह्या मायशी बोल’ म्हणून फोन कोकिळाबाईंच्या हातात.

पुढं प्रसेनजितला पाण्याचे पंप आणि पाइप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि कंपनीनं त्याला आफ्रिकेत, युगांडातल्या कंपाला शहरात पाठवलं. पुष्पांजली तिथल्या एका शाळेत शिकवू लागली. तिनं आईवडिलांची आठवड्याभराची तिकिटं काढली. शेषराव म्हणाले, तू जा. कोकिळाबाईंनी बॅग भरली. तिकडं पासपोर्टवाल्यांनी बघितलं तर एका कागदावर कोकिळा, दुसऱ्यावर कोकीळाबाई आणि तिसऱ्यावर माहेरचं नाव सखुबाई. या तिन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध व्हायला वेळ लागणार होता. शेषरावांचा पासपोर्ट मात्र आला.

“तिकीट वाया जाते,” कोकिळाबाई म्हणाल्या. “जा तुमी.”

“मी? त्याच्या घरी?”

“त्याच्या कायच्या, पोरीच्या घरी. अन् तिथं कोन पाहून राह्यलं तुमाले? धाडातलं कोन हाये तिथं?”

हा मुद्दा बिनतोड होता. त्यावर दोन दिवस विचार करून शेषरावांनी नवीन चपला घेतल्या.

युगांडाला जायचं तर पिवळ्या तापाची सुई घ्यावी लागते, ती मुंबईत. ते सुई घेऊन परत येईपर्यंत गावात ‘शेषरावले कावीळ झाली’ अशी बातमी पसरली होती. शेजारचे शंकरराव मुळ्याची जुडी घेऊन आले. शेषरावांनी सगळं समजावून सांगितलं. शंकररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तरी खा. कावीळ लपून राह्यते.”

विमानाबद्दल शेषरावांचं मत एवढंच झालं की ड्रायव्हर दिसत नाही.

कंपालाजवळच्या एंटेबीच्या विमानतळावर पुष्पांजली धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. ते ‘असू दे, असू दे’ म्हणत तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि तिच्या खांद्यावरून त्यांना मागं उभा असलेला जावई दिसला. त्यानं वाकून नमस्कार केला. शेषरावांचा हात आशीर्वादासाठी अर्धा वर गेला आणि तिथून टोपी सारखी करायला वळला. “नमस्कार, मामा,” प्रसेनजित म्हणाला. शेषराव मुलीला म्हणाले, “सामान कुठं ठेवायचं?”

सामान कंपनीच्या, मागंही सीट असलेल्या पिकअपमध्ये ठेवायचं होतं आणि पिकअपचा ड्रायव्हर होता वास्वा. उंच, शिडशिडीत, हसरा माणूस. जुळ्यांतल्या मोठ्याचं नाव तिकडं वास्वाच असतं, असं पुष्पांजलीनं सांगितलं. म्हणजे नुसत्या नावावरूनच कळतं की ह्याचा एक धाकटा भाऊ आहे, ही सोय शेषरावांना आवडली. वास्वा त्यांना ‘जाजा’ म्हणाला, म्हणजे आजोबा. शेषराव आपणहून पुढच्या सीटवर बसले. स्टेअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं, गाड्याही डावीकडून. परक्या मुलखात आल्याची त्यांची धास्ती तिथं निम्मी झाली.

घरी रात्री ते जेवले. पोळ्या प्रसेनजितनं लाटल्या होत्या, कारण विमानतळावरून पोचायला उशीर होणार म्हणून त्यानं कणीक आधीच भिजवून ठेवली होती. शेषरावांनी तीन खाल्ल्या. काहीही झालं नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी समोर आली. पुष्पांजलीच्या शाळेत परीक्षा होत्या, सुट्टी मिळत नव्हती. म्हणून बाबांना शहर दाखवायला प्रसेनजितनं रजा घेतली होती. हे तिनं चहा ओतता ओतता सांगितलं आणि कोणी काही बोलायच्या आत ती रिक्षासारखी भाड्यानं मिळणाऱ्या मोटारसायकलवर मागं बसून शाळेला निघून गेली.

गाडीत पुढं वास्वा आणि शेषराव, मागं प्रसेनजित. कंपाला शहर टेकड्यांवर वसलेलं आहे. एक चढ संपला की उतार, उतार संपला की पुन्हा चढ, आणि मधल्या प्रत्येक खळग्यात गाड्या तुंबलेल्या. माती लालभडक. सायकलींवर हिरव्या केळीचे घड असे बांधलेले की सायकल दिसू नये. शेषरावांना विचारायचं होतं की ही केळी पिकायच्या आधीच का काढतात. त्यांनी घसा साफ केला आणि वास्वाकडं बघून म्हणाले,

“वास्वा, हे केळं कच्चंच काऊन नेऊन राह्यले?”

वास्वाला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तो हसला. मागून प्रसेनजित आरशात बघून म्हणाला, “वास्वा, ही भाजीची केळी आहेत. पानात बांधून वाफवतात आणि मळून भातासारखी खातात.”

“असं काय,” शेषराव वास्वाला म्हणाले.

“यस, जाजा,” वास्वा म्हणाला.

इथून पुढं तीन दिवस दोघांचं सगळं बोलणं वास्वामार्फत झालं. वऱ्हाडात रुसलेली माणसं भिंतीला सांगतात, मांजराला सांगतात. इथं वास्वा होता. “वास्वा, एसी कमी कर.” “वास्वा, मामांना विचार, चहा घेणार का.” “वास्वा, साखर कमी.” वास्वा दर वेळी जो बोलला त्याच्याकडं बघून मान हलवायचा. त्याला वाटलं असावं, ही भारतातली काही पद्धत असेल. तो आपल्या परीनं ती पाळत होता.

अशा रीतीनं शेषरावांनी कंपाला बघितलं. विजेच्या खांबांवर माणसाच्या छातीपर्यंत येतील असे टकले करकोचे बसलेले असत, पेन्शनीच्या दिवशी बँकेत आलेल्या मास्तरांसारखे, गंभीर आणि कशावरच समाधानी नसलेले. भाड्याच्या मोटारसायकलींना तिथं बोडा म्हणतात. एका बोडावर त्यांनी आई, तीन लेकरं आणि ड्रायव्हर मोजले, दुसऱ्यावर सोफा, तिसऱ्यावर आडवं बांधलेलं लोखंडी दार. शेषरावांनी प्रत्येकाकडं मान वळवून आदरानं बघितलं. बाजारात पाट्या भरभरून तळलेले टोळ विकायला होते. ते त्यांनी हातात घेऊन निरखले.

“वास्वा, आपल्याकडं याह्यच्यावर फवारा मारते.”

“वास्वा, मामांना सांग, इथं हंगामात लोक रात्री दिवे लावून हे पकडतात. चांगले लागतात.”

“वास्वा, राहू दे.”

शेंगदाण्याचं कालवण मात्र त्यांना मनापासून आवडलं. उपासाच्या आमटीची सख्खी बहीण, ते म्हणाले. दोनदा मागून घेतलं. दोन्ही वेळा वास्वाकडं.

शहरात त्यांना खरी ओढ लागली ती टॅक्सींच्या तळाची. तिथं टॅक्सी म्हणजे पांढरी मिनिबस, अंगावर निळ्या चौकटींचा पट्टा. एका मोठ्या खड्ड्यासारख्या मैदानात अशा शेकडो गाड्या दाराला दार लावून उभ्या, आणि प्रत्येक गाडीचा कंडक्टर आपल्या गावाचं नाव ओरडतोय. शेषराव वरच्या रस्त्यावरून कठड्याला धरून बघत राहिले. इतका वेळ ते कोणत्याही देवळात उभे राहिले नव्हते. एकच गोष्ट त्यांना खटकली.

“वास्वा, याच्यात मानसं किती बसोते?”

“वास्वा, चौदा. जास्त बसवले तर पोलीस धरतात.”

“एवढ्या मोठ्या गाडीत चौदाच?” शेषरावांच्या चेहऱ्यावर त्या देशाविषयी पहिल्यांदा कीव दिसली. “काय परवडत असन त्याह्यले.”

पाचव्या दिवशी सकाळी वास्वा आला नाही. त्याच्या गावी चुलता वारला होता आणि तो मातीला गेला होता. पुष्पांजली शाळेत गेलेली. पिकअप दारात उभी, किल्ली टेबलावर. सासरे-जावई बराच वेळ त्या किल्लीकडं बघत बसले. बाबांना आज तळं दाखवायचं असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडायला कोणाशी तरी बोलावं लागलं असतं. प्रसेनजित उठला. शेषरावही उठले. सवयीनं ते पुढं बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी जावई आहे.

प्रसेनजित गाडी चालवायला वाईट होता. ऑफिसची गाडी म्हटली की वास्वा, त्यामुळं हात बसलेलाच नव्हता. शेषराव खिडकीबाहेर बघत होते, पण कानानं त्यांना सगळं दिसत होतं. गिअर उशिरा पडतोय. क्लचवर पाय ठेवूनच चालवतोय. त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

टॅक्सीतळाच्या वरच्या चढावर गर्दीत पिकअप बंद पडली. प्रसेनजितनं चालू केली. ती थोडी मागं घसरली आणि पुन्हा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवू लागले. बोडावाले दोन्ही बाजूंनी आरशांना घासून पुढं जात होते. एक टॅक्सीवाला खिडकीतून मुंडी काढून काहीतरी बोलला. ते कुठल्याही भाषेत कळण्यासारखं होतं. प्रसेनजितच्या मानेवरून घाम ओघळला. तिसऱ्यांदा गाडी मागं घसरली तेव्हा मागच्या टॅक्सीच्या बंपरमध्ये आणि त्यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

“क्लच अर्धा सोड बे!” शेषराव ओरडले. “अर्धा! हँडब्रेकवर धरून ठेव, इंजीनचा आवाज बदलू दे, मंग सोड!”

गाडीत वास्वा नव्हता. हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. जावयाला वऱ्हाडात कोणी ‘बे’ म्हणत नाही. जावयाला ‘जावईबुवा’ म्हणतात, पाट मांडतात. पण बोलून गेलं ते गेलं.

“जमत नाही मामा,” प्रसेनजित म्हणाला.

“सरक.”

दोघांनी गाडीतल्या गाडीत जागा बदलली. गिअरच्या दांड्यावरून जाताना शेषरावांच्या गुडघ्यात कळ आली, आणि एकदा प्रसेनजितला त्यांना काखेत धरून पलीकडं ढकलावं लागलं. मग शेषरावांनी स्टेअरिंग धरलं. पिकअप एक इंचही मागं न जाता चढाला लागली. पुढची दहा-पंधरा मिनिटं त्यांना इतकं बरं वाटलं, की आपण कुठल्या खंडात आहोत हे ते विसरले. बोडांमधून वाट काढली. मघाच्या टॅक्सीवाल्याला आडवी गाडी घालून थांबवलं आणि हात वर करून रामराम घातला. तो आधी चिडला, मग हसला, मग त्यानंही हात वर केला.

चौकात पांढऱ्या गणवेशातल्या वाहतूक पोलीस बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

बाई धिप्पाड, शांत. त्यांनी लायसन मागितलं. शेषरावांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बुलढाण्याचं लायसन काढून दिलं. बाईंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, उलटं करून वाचलं. मग इंग्रजीत शेषरावांनाच विचारलं, हा शेजारचा माणूस तुमचा कोण? प्रसेनजितनं प्रश्न मराठीत सांगितला. उत्तर त्यानं दिलं नाही. ते देणं त्याच्या हातात नव्हतं.

मागं गाड्या वाजत होत्या. खांबावरचा करकोचा खाली बघत होता. शेषरावांनी बाईंकडं बघितलं, लायसनकडं बघितलं.

“जावई हाये माहा,” ते म्हणाले.

बाई वाट बघत राहिल्या. शेषरावही वाट बघत राहिले. प्रसेनजित समोरच्या काचेकडं बघत होता आणि भाषांतर करायचं विसरला होता.

“सांग ना बे तिले,” शेषराव म्हणाले.

त्यानं सांगितलं. पहिल्यांदा मराठीतच सांगितलं, म्हणून पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. ते ऐकून बाईंचा नूर पालटला. त्यांनी लायसन शेषरावांना दोन्ही हातांनी परत केलं, आणि मग दुसऱ्या बाजूनं येऊन, खिडकीत कोपर टेकवून, प्रसेनजितला झाडायला सुरुवात केली. तुला मुलगी देणारा माणूस, पिकलेला माणूस, पाहुणा म्हणून आलेला, आणि त्याला तू गाडी हाकायला लावतोस? तुमच्या देशात सासऱ्याचा मान असाच ठेवतात का? तो मान खाली घालून ‘सॉरी, मॅडम’ म्हणत राहिला.

“काय म्हणते ते?” शेषरावांनी विचारलं.

“मी तुमचा मान ठेवत नाही म्हणतात.”

शेषराव जावयाच्या बाजूच्या खिडकीकडं वाकले. मग बाईंकडं बघून त्यांनी हात हलवला. “नाई नाई, बाई. ठेवते तो. ठेवते.” बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्या थांबल्या. आता गाडी जावयानंच चालवायची, एवढं बजावून त्यांनी वाट मोकळी करून दिली.

तळं बघायचं राहिलंच. एका झाडाखाली गाडी उभी करून दोघांनी टपरीवरचा चहा घेतला. तिकडं चहात आलं घालतात, त्यामुळं शेषरावांना तो पटला. प्रसेनजित कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, “मामा, मी तुमच्या गाडीत बसलेलो आहे.”

“कधी?”

“लग्नाच्या आधी. तुम्हाला विचारायला निघालो होतो, मुलगी द्या म्हणून. बुलढाण्याला स्टँडवर आलो आणि तुमचीच जीप लागलेली. मागं फळीवर जागा मिळाली. तुम्ही म्हणाले, सरका बे.”

“मंग?”

“धाडला उतरलो. तुम्ही टायरची हवा बघत होते. दोनदा जवळ आलो. नाही झालं बोलणं. तुम्ही परतीची गाडी भरली, त्यातच बसून परत गेलो.”

शेषरावांनी आठवून बघितलं. हजारो माणसं त्यांच्या जीपमधून गेली होती. फळीवरचा एक पोरगा त्यांना आठवेना. आठवायला हवा होता, असं मात्र त्यांना वाटलं. तेव्हा बोलला असता तर आपण काय म्हटलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना त्या झाडाखाली बसून बरं वाटलं नाही.

“भाडं देल्लं होतं?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही वेळेस.”

“मंग ठीक हाये,” शेषराव म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. “चाल. तुले चढावर गाडी उचलनं शिकवतो. रिकामा रस्ता पाह्य एखादा.”

संध्याकाळी पुष्पांजली घरी आली तेव्हा बाप आणि नवरा हँडब्रेकवरून वाद घालत होते. ती दारातच चपला न काढता उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी होती.

वास्वा चुलत्याची माती आटोपून आला, तर जाजा त्याच्याशी बोलेनात. सकाळभर त्यानं बघितलं. जाजा मागच्या सीटवर जावयाशेजारी बसले होते आणि दोघांची तोंडं बंद नव्हती. दुपारी त्यानं प्रसेनजितला बाजूला घेऊन हळूच विचारलं, माझं काही चुकलं का? मी न सांगता गावी गेलो म्हणून आजोबा रागावले का? हे कळल्यावर शेषरावांनी त्याला जवळ बोलावलं, त्याच्या चुलत्याची सगळी चौकशी केली, वय काय, दुखणं काय, लेकरं किती, आणि घरून आणलेल्या शेवेची पिशवी त्याला देऊन टाकली.

निघायच्या दिवशी प्रसेनजितनं एक कापडी बॅग आणून ठेवली. त्यात कॉफी होती, झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचा तांबूस तुकडा होता, आणि त्याच्या आईसाठी स्वेटर. “वडनेर भोलजीला, आमच्या घरी पोचवायची होती,” तो म्हणाला. “बुलढाण्याला कोणत्या गाडीवाल्याजवळ दिली तरी चालेल. बाबा स्टँडवरून घेऊन जातील.”

ही रीतच आहे. ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेली पिशवी आमच्याकडं कुठंही पोचते. शेषरावांनीच अशा किती पोचवल्या होत्या. धाडला आल्यावर ती बॅग दोन दिवस ओसरीवर खुंटीला होती. लोक आफ्रिकेची हकीकत ऐकायला येत, बॅगेकडं बघत. तिसऱ्या दिवशी शेषरावांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला.

“कुठं निघाले?” कोकिळाबाईंनी विचारलं.

“वडनेरले. सामान नाजूक हाये. गाडीवाले पाय ठेवते त्याच्यावर.”

स्वेटरवर कोणी पाय ठेवल्यानं काय बिघडतं हे कोकिळाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी डब्यात वांग्याचं भरीत आणि भाकरी बांधून दिली, आणि मग डबा परत काढून घेतला. “नको,” त्या म्हणाल्या. “तिथंच जेवा.”

वडनेरला घर शोधायला त्रास पडला नाही. प्रसेनजितचे वडील भागवत दारात बाज विणत बसले होते. ‘मी धाडचा शेषराव’ म्हटल्यावर त्यांच्या हातातली दोरी सुटली आणि अर्धी वीण उसवली. आतून महामायाबाई आल्या. पाणी आणलं, चहा आणला, पुन्हा पाणी आणलं. नमस्कार कोणी आधी करायचा यात थोडा गोंधळ झाला. मग शेषराव बोलायला लागले. धाडात त्यांनी जे चार वाक्यांत आटोपलं होतं, ते इथं त्यांनी दुपार कलेपर्यंत सांगितलं. टेकड्या, केळी, टोळ, पोलीस बाई. महामायाबाई प्रत्येक गोष्टीनंतर विचारायच्या, “अन् मंग प्रसेन काय म्हने?” आणि शेषराव सांगायचे.

जेवणं झाली. उसवलेली बाज तशीच पडली होती, म्हणून शेषरावांनी एका बाजूनं दोरी धरली आणि दोघा व्याह्यांनी ती ओढून पुरी केली.

पुढच्या महिन्यात कोकिळाबाईंचा पासपोर्ट आला. तसाच नावांचा घोळ महामायाबाईंच्याही कागदांत आहे असं कळल्यावर दोघी विहिणी रोज सकाळी फोनवर त्याबद्दल बोलू लागल्या, आणि हळूहळू बाकीच्या सगळ्याबद्दल. शेषराव तेवढ्या वेळात स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. आलं घालतात.